कोरड्यावरचं जहाज

माझ्या नवऱ्याला शूर समजणारा जगात एकच माणूस आहे, आणि तो सात वर्षांचा आहे. माझ्या नणंदेचा, चंदाताईंचा मुलगा जीवन. हे लोक चिखल्याला राहतात. त्याचे वडील रोज खाणीत जमिनीच्या पोटात उतरतात, पण त्या पोराला कौतुक कुणाचं, तर आंधळगावात बी-बियाण्यांचं दुकान चालवणाऱ्या मामाचं!

यात पोराची चूक नाही. जीवन सुट्टीत आमच्याकडे आला की आमचे हे, भुपेंद्र, त्याला अजगराची गोष्ट सांगतात. तलावाच्या पाळीवर अजगर निघाला आणि मामानं तो नुसत्या हातांनी धरला. मी त्या दिवशी तिथे होते. अजगर आमच्या शेजारच्या सुखरामभाऊंनी धरला. आमचे हे चालू मोटारसायकलवर बसून त्यांना उजेड दाखवत होते. गाडीचं तोंड गावाकडे असल्यामुळे उजेड अजगरावर कमी आणि घराच्या रस्त्यावर जास्त पडत होता. पण हे मी जीवनला कधी सांगितलं नाही. मामाच्या बोलण्यात मामीनं पडू नये एवढं मला कळतं.

आमच्या भागात भाचा म्हणजे देवाच्या खालोखाल. मामा भाच्याच्या पाया पडतो, त्याच्यावर हात उगारत नाही आणि त्याला कशालाही नाही म्हणत नाही. माझी मोना चार वर्षांची आहे. तिनं फुगा मागितला तर हे म्हणतात, "पाहू." जीवननं मागितला तर दोन येतात. असो. आपल्याला बोलायचं नाही.

गेल्या वर्षी आम्ही सगळे भंडाऱ्याच्या पुढे महामार्गावर झालेल्या नव्या पार्कात गेलो होतो. तिथे एक भलंमोठं जहाज आहे. म्हणजे झुलाच, पण जहाजासारखा. ते इकडून तिकडे झोके घेत इतकं वर जातं की बसलेली माणसं भिंतीवरच्या पालीसारखी दिसतात. जीवनला त्यात बसायचं होतं, पण तिथल्या मोजपट्टीला त्याचं डोकं लागेना. मग ह्यांनी सगळ्यांसमोर छाती काढून सांगितलं, "काई चिंता नाई! पुढच्या साली आपण दोघं बसू. हात सोडून बसू!"

पोरं वाढतात, हे ते विसरले. जीवन मात्र विसरला नव्हता. वर्षभर तो घराच्या चौकटीला लटकत होता म्हणे.

या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुन्हा निघालो. गाडी हे चालवत होते, शेजारी जीवन, मागे मी, मोना आणि माझ्या सासूबाई उषाबाई. वरठी येईपर्यंत मामाचा आवाज मोठा होता.

"मामा, तू खरंच हात सोडशीन?"

"अरे, हात सोडूनच बसतो मी. धरून तं लेकरं बसतेत."

भंडारा मागे पडल्यावर त्यांनी गाणी लावली आणि आवाज वाढवला. मी ओळखलं, मामा घाबरायला लागला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आज या माणसाचं पितळ उघडं पडणार आणि मी ते पहिल्या रांगेतून पाहणार, म्हणून मी नवी साडी नेसले होते.

पार्कात शिरल्यावर ह्यांनी वेळ काढायला सुरुवात केली. आधी छोट्या आगगाडीत बसले, गुडघे कानाला लावून. मग पुन्हा आगगाडीत. मग मोनाला म्हणाले, "तुले आवडली ना? चाल, अजून एकदा." मोना कंटाळून झोपायला आली होती. फिरणारे कप झाले, टक्कर मारायच्या गाड्या झाल्या, मक्याच्या लाह्या झाल्या. शेवटी जीवननं त्यांचं बोट धरलं आणि सरळ जहाजापुढे नेऊन उभं केलं.

शिट्टी गळ्यात अडकवलेल्या माणसानं जीवनला मोजपट्टीला टेकवलं. डोकं वर आलं. जीवननं आनंदानं उडीच मारली. "बसू शकते," शिट्टीवाला म्हणाला, "फक्त मोठं माणूस सोबत पाह्यजे."

तेवढ्यात जहाज वर गेलं आणि वरून एक बाई अशी किंचाळली की झाडावरचे कावळे उडाले. मी ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ पांढरे, कान लाल. आणि मग एकाएकी त्या तोंडावर उजेड पडला.

"आई," हे सासूबाईंना म्हणाले, "मामा-भाच्यानं एका नावेत बसू नाई म्हणतेत ना वो?"

माझ्या हातातल्या लाह्या सांडायच्या राहिल्या. एवढ्या वेळात हा माणूस हे शोधत होता!

"नाईच बसू," सासूबाई म्हणाल्या. "माह्या माहेरी जाताना वैनगंगा डोंग्यानं पार करा लागत होती. माहा भाऊ न्यायले येत होता. पण तो अन् तू कधी एका फेरीत नाई बसले. पह्यले तो जाये, मंग दुसऱ्या फेरीत मी तुले घेऊन."

"पण आई," मी मधे पडलेच, "इथं पाणी कुठं हाये? हे तं कोरड्यावर हाये."

सासूबाईंनी जहाज नीट न्याहाळलं. त्या कुठलाही निकाल घाईनं देत नाहीत. "शीड हाये. वल्हे रंगवले हायेत. समोर नाकाड हाये. नाव नाई तं काय बैलबंडी हाये?"

"झालं!" हे म्हणाले. "आईनं सांगतलं म्हणजे सांगतलं. माही तं लय इच्छा होती बापा, पण रीत ते रीत. चाल जीवन, आइस्क्रीम खाऊ."

मला वाटलं पोरगं रडेल. ते रडलं नाही. त्यानं जहाजाकडे पाहिलं, मग आजीकडे पाहिलं.

"आजी, पण तुहा भाऊ नदी पार करतच होता ना?"

"करत होता ना. पह्यल्या फेरीत."

"मंग आपण बी तसंच करू," जीवन म्हणाला. "मामा, पह्यल्या फेरीत तू जा. मी इथून पाहतो."

आता आइस्क्रीमचा उपयोग नव्हता. आजीची रीत मोडत नव्हती आणि भाच्याला नाही म्हणता येत नव्हतं. हे शिट्टीवाल्याकडे वळले आणि फार आशेनं म्हणाले, "एकट्याले बसू देत नसान ना तुमी?"

"देतो ना भाऊ! जागाच जागा हाये. वहिनीले घेऊन जा पाह्यजे तं."

मला कुणी विचारलंच नाही. ह्यांनी माझं मनगट धरलं. लग्नानंतर चारचौघांत माझा हात धरण्याची ही त्यांची पहिलीच वेळ, आणि धरला तो असा की दोन बांगड्या तिथेच फुटल्या. मला पहिल्या रांगेतून तमाशा पाहायचा होता, मी तमाशातच जाऊन बसले. हे मधल्या बाकावर टेकत होते, कारण मधे झोका कमी लागतो हे त्यांनी खालून हेरून ठेवलं होतं. पण शिट्टीवाला ओरडला, "मागं भरा, मागं!" आणि आम्ही पार शेवटच्या रांगेत गेलो.

दांडा खाली आला. पहिला झोका हलकाच होता.

"हॅट," हे म्हणाले, "हे तं काईच नाई."

दुसऱ्या झोक्याला ते गप्प झाले. तिसऱ्याला म्हणाले, "राखी." चौथ्याला जहाज आभाळाला लागलं, बूड बाकावरून सुटलं आणि माझ्या नवऱ्यानं जो आवाज काढला तो मी सात वर्षांच्या संसारात ऐकला नव्हता.

"थांबवा बे! अरे भाऊ, बंद कर! दुकान उघडं राह्यलं हाये माहं! आई वोऽऽ!"

मलाही ओरडायचं होतं, पण माझी पाळीच येईना. खाली माणसं बोटं दाखवून हसत होती. त्या माणसांत जीवन होता, मान वर करून, हात हलवत. ह्यांनी त्याला पाहिलं. आणि ओरडता ओरडताच त्यांनी दांड्यावरचा एक हात सोडला, वर केला, जीवनकडे बघून हलवला आणि परत दांडा धरला. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, नाकातून चाललं होतं, पण हात वर केला. मला काय झालं कुणास ठाऊक, माझं मनातलं हसू तिथेच संपलं.

खाली उतरल्यावर मी दंड धरून त्यांना बाकापर्यंत आणलं. मोनानं सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, "बाबा रडत होते!"

जीवन मामाच्या तोंडाकडे बघायला लागला. सकाळपासून मी याच घटकेची वाट पाहत होते. आणि ती आल्यावर मीच पुढे झाले.

"बाबा नाई वो मोना," मी म्हणाले, "मी चिल्लावत होती. मले लय भेव वाटला."

"नाई," मोना म्हणाली, "बाबा."

"गप बस म्हणलं ना तुले!"

"राहू दे, राखी," हे म्हणाले. त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. "जीवन, मामी नाई, मीच चिल्लावत होतो. मले उंचावर लय भेव लागते. अन् तो अजगर बी मी नोता धरला. सुखरामभाऊनं धरला. मी दूर होतो."

सासूबाईंनी दुसरीकडे पाहिलं. जीवन मामाच्या ओल्या रुमालाकडे बघत होता.

"मंग वर गेला काहून?"

"तू म्हणला ना जा."

जीवन चपलेनं माती उकरायला लागला. मला फार वाईट वाटलं, अगदी आतून. एवढासा तर तो मान होता ह्यांच्या पदरात. गावात नाही, दुकानात नाही, घरी तर मी ठेवतच नव्हते. तो एका पोराजवळ होता, तोही गेला. अजगर होता तसा राहिला असता तर कुणाचं काय बिघडलं असतं?

शिट्टीवाल्यानं हाक मारली, "ए बाबू, आता तुही फेरी! येतो का?"

जीवन आजीच्या मागे सरकला. "मले भूक लागली," तो म्हणाला.

आम्ही हिरवळीवर डबा उघडला. तेवढ्यात चंदाताईंचा व्हिडिओ कॉल आला. फोन जीवननं उचलला.

"बसला काय रे जहाजात?" ताईंचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता.

"मी नाई बसलो," जीवन म्हणाला. "माहं डोकं पट्टीले लागलं. पण मले भेव वाटला, म्हणून मी मामाले पह्यले पाठवलं."

ह्यांच्या हातातला घास हातातच राहिला.

"अन् मामा गेला? चाल, काईच्या काई. लहानपणी मंडईच्या जत्रेतल्या पाळण्यात चढ म्हणलं तं झाडामागं लपत होता तो."

"गेला ना. त्याले माह्यापेक्षा जास्त भेव वाटला. लय चिल्लावला, लय रडला. तरी बसला," जीवन म्हणाला. मग म्हणाला, "मी असं नाई करू शकत, आई."

पलीकडून ताई म्हणाल्या, "दे बरं मामीले फोन."

मी फोन घेतला. हे खाली मान घालून मोनासाठी शेंगा सोलत होते. सोललेले दाणे टरफलांत पडत होते आणि टरफलं मोनाच्या हातावर ठेवत होते.

"राखी, खरं सांग. भुपेंद्र बसला?"

"हो ताई," मी म्हणाले, "बसले. मी बाजूलेच होती."