परत फिरल्याचा नवस

विमानात सत्तर आसनं होती. मागच्या दारातून चढून पाचव्या रांगेपर्यंत जाताना मी मोजत गेले. एकोणपन्नास भरलेली, एकवीस रिकामी. शिवाय मांडीवरची दोन तान्ही मुलं. पंखे दोन, दोन्ही बाजूंना एकेक. आणि माझ्या शेजारी खिडकीपाशी आत्या, पार्बताबाई, वय एकसष्ट. सहा आठवड्यांपूर्वी मुंबईत तिच्या हृदयात नवी झडप बसवली होती आणि मी तिला अमरावतीला घरी आणत होते.

दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी एक वही दिली होती. सकाळ-संध्याकाळ बोटाला चिमटा लावून नाडी मोजायची आणि लिहायची. घरात भौतिकशास्त्र शिकलेली मी एकटी, म्हणून वही माझ्याकडे आली. विमानात मोजायचं असं कोणी सांगितलं नव्हतं. मला पाहायचं होतं, एवढंच.

सप्टेंबरचे दिवस. ढग खाली आले होते, पाऊस चालू होता. चाकं बाहेर पडल्याचा आवाज आला, विमान उतरत गेलं आणि मग एकदम जोर लावून पुन्हा वर निघालं. मिनिटभरात पायलट बोलला, की पावसात धावपट्टी दिसली नाही, आपण एक फेरी मारून परत येतोय. आत्या खिडकीला नाक लावून बसली होती. ढगांना मध्येच भोक पडलं तेव्हा तिला कपाशी दिसली, एक तळं दिसलं. एकाच तिकिटात दोनदा पाहायला मिळालं म्हणून ती खूश झाली. वर चढायला लागल्यापासून चाकं टेकेपर्यंत चौदा मिनिटं गेली. वहीत मी तीन आकडे लिहिले: उतरताना ७८, वर जाताना ८२, टेकताना ७६.

बाहेर एक वार्ताहर माइक घेऊन उभा होता. भीती वाटली का, असं त्यानं आत्याला दोनदा विचारलं. आत्या म्हणाली, "कायची भीती? दिसलं नाई म्हणून परत फिरला. शाना पोरगा हाय. त्याले सांगजा, पार्बताबाईनं नाव काढलं म्हणून."

संध्याकाळी ते वाक्य टीव्हीवर नव्हतं. टीव्हीवर सत्तर प्रवासी होते, चाळीस मिनिटांची मृत्यूशी झुंज होती आणि चार इंजिनांचं एक भलंमोठं विमान होतं, ज्याचं एक इंजिन पेटलेलं होतं. बाराव्या रांगेतले एक गृहस्थ सांगत होते, की सगळे ओरडत होते आणि देवाचा धावा करत होते. ते गृहस्थ मला आठवत होते. चढताना ते तोंड उघडं टाकून झोपलेले दिसले होते आणि उतरतानाही तसेच झोपलेले होते.

आत्यानं विचारलं, "हे आपलंच इमान का व?"

मी तिच्या बोटाला चिमटा लावला. ११८.

तेवढ्यात अकोल्याहून तिच्या मुलाचा, कुंदनदादाचा फोन आला. तो रडत होता. दुपारी त्याला मोबाइलवर बातमीची पहिली ओळ दिसली तेव्हा आम्ही अजून बॅगेची वाट पाहत उभ्या होतो, फोन बंदच होते. आमचा आवाज ऐकायच्या आधीच तो मारोतीला बोलून गेला होता: माय सुखरूप आली तर शेतात सव्वा पायली गव्हाच्या रोडग्यांची पंगत.

इथंच सगळं अडलं. टीव्हीचं खोटं मी आकड्यांनी खोडू शकत होते, पण नवस कसा खोडणार? आत्याचं म्हणणं सरळ होतं. नवस कोणी उगाच बोलत नाही. पोरगा बोलला आणि देवानं ऐकलं, म्हणजे मरण आलं होतंच. आता पुन्हा विमानात बसणं म्हणजे देवाची परीक्षा पाहणं.

आणि चौदा ऑक्टोबरला तिला मुंबईत पोचायचंच होतं. झडप नीट उघडते-मिटते का ते पाहून आणि रक्त तपासून डॉक्टर रक्त पातळ ठेवायच्या गोळीचं प्रमाण ठरवणार होते. कमी पडलं तर झडपेवर गाठ धरते, जास्त झालं तर रक्तस्राव होतो. बडनेऱ्याहून रात्रभराची गाडी, पुलाचे जिने, फलाटावरची धक्काबुक्की, हे सगळं त्यांनी आधीच नाही म्हणून सांगितलं होतं. मी वही उघडून तिला तीन आकडे दाखवले आणि चौथाही दाखवला. विमानात तुझं हृदय शांत होतं, ते टीव्हीसमोर घाबरलं, असं समजावलं. तिनं वही मिटून परत दिली. "त्या बिचाऱ्याले काय मालूम, बाहेर काय होऊन राहिलं थे," ती म्हणाली. तो बिचारा म्हणजे तिचं हृदय.

बारा दिवस तिकीट काढायचं तसंच राहिलं. मग रोडग्यांचा दिवस ठरला, तेरा तारीख, दर्यापूरजवळ तिच्या भाजीच्या मळ्यात. कोणाकोणाला बोलवायचं याची यादी मी लिहीत होते आणि ती वांगी निवडत होती. सहज म्हणून तिनं विचारलं, की तो पायलट घाबरून वर गेला की हिंमत करून गेला?

मी म्हटलं, दोन्ही नाही. किती उंचीपर्यंत उतरायचं ते आधीच ठरलेलं असतं. तिथं पोचल्यावर धावपट्टी दिसली तर उतरायचं, नाही दिसली तर वर जायचं. घरी जायची घाई असो, प्रवासी चिडोत, त्याला तिथं विचार करायचाच नसतो.

आत्याच्या हातातलं वांगं हातातच राहिलं. "जानरावसारखं," ती म्हणाली.

जानराव गावाहून दर्यापूरपर्यंत जीप चालवायचा. चौदा वर्षांपूर्वी एका पावसाळी पहाटे आत्या मेथीच्या चार टोपल्या घेऊन त्याच्या जीपमध्ये बसली होती. वाटेत रपटा लागतो, नदीवरचा तो ठेंगणा पूल. रपट्याच्या कडेचे दगड दिसेनात तर गाडी घालायची नाही, असा जानरावचा नियम होता. त्या दिवशी दगड दिसत नव्हते. त्यानं जीप वळवली. सगळ्या जीपनं त्याला भित्रा म्हटलं. आत्याची मेथी बाजार चुकून पिवळी पडली आणि तिनं सगळ्यांत जास्त शिव्या दिल्या. दोन महिने ती दुसऱ्याच्या जीपनं, लांबच्या रस्त्यानं गेली. पावसाळा संपून पाणी उतरलं तेव्हा रपटा मधोमध वाहून गेलेला दिसला. तरीही जानरावला कोणी जाऊन काही म्हणालं नाही. पेपरातही काही आलं नाही. काही झालंच नव्हतं.

"मंग नवस कायचा फेडू मी?" तिनं मला विचारलं.

"परत फिरल्याचा," मी म्हटलं.

तिनं हातातलं वांगं टोपलीत टाकलं. मग यादीत पहिलं नाव जानरावचं घालायला सांगितलं.

तेरा तारखेला मळ्यात गोवऱ्या जळून निखाऱ्यांचा आर पडला आणि गव्हाचे जाड रोडगे त्यात भाजायला टाकले. कुंदनदादानं स्वतः राख झटकली, तूप लावलं. पहिला रोडगा मारोतीपुढे ठेवला. दुसरा आत्यानं उचलला आणि पंगतीत जाऊन जानरावच्या पत्रावळीवर ठेवला. तो आता सत्तरीच्या पुढचा, एका डोळ्यानं अधू. हा मान कशाचा, असं त्यानं विचारलं. आत्यानं पायलटची गोष्ट सांगितली, मग रपट्याची.

जानराव रोडगा फोडत म्हणाला, "शिव्या दिल्या थ्या आठवतात मले. मेथी होती न?"

"मेथीच होती," आत्या म्हणाली. "तवा बोलायले पाहिजे होतं, भाऊ. माह्यानं झालं नाई."

"आता झालं न. वांगं वाढ."

कुंदनदादा हसता हसता डोळे पुसत होता. नवस आपण घाईनं बोललो का, असं त्यानं मला हळूच विचारलं. मी म्हटलं, रोडगे चांगले झालेत.

दुसऱ्या दिवशी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर आत्या स्वतः चालत विमानापर्यंत गेली. पिशवीत डबा होता, डब्यात दोन रोडगे. दारातल्या मुलीच्या हातात तो देत ती म्हणाली, "पायलटले देजा, बाई. मांगच्या महिन्यातल्या पायलटले." हा पायलट तोच नसेल, असं मी तिला सांगून पाहिलं. आत्याचं उत्तर तयार होतं: एकाच धंद्यातले लोक, पोचतं करतील. मुलगी हसली आणि तिनं डबा दोन्ही हातांनी घेतला.

मुंबईवर ढग होते. चाकं बाहेर पडल्याचा आवाज आला. खिडकीबाहेर नुसतं पांढरं होतं. आत्यानं माझ्याकडे न पाहता बोट पुढे केलं. मी चिमटा लावला. ढग सरले, खाली छपरं दिसली, मग धावपट्टी. टेकताना ७७.