दारावरच्या एकशे चोवीस रेघा

यंत्रवाल्याने करारनामा टेबलावर पसरला, तेव्हा वहिनीच्या बोटांना अजून खळ चिकटलेली होती. बुटांची खोकी बनवायचा कारखाना म्हणजे तिची ही एक खोली, दोन कामकरी बायका आणि ती स्वतः. सही केली की खोली तारण. हप्ते थकले की खोली गेली.

"वहिनी, हिशेब सरळ आहे," दीर म्हणाला. माल पोचवणं आणि मोठाली स्वप्नं बघणं ही दोन्ही खाती त्याच्याकडे होती. "हातानं एका खोक्याला मजुरी पडते पाच. यंत्रावर दोन."

"आणि हप्ता, वीज मिळून महिन्याला तीस हजार. एकही खोकं केलं नाही तरी."

"तीन-तीन वाचले की दहा हजार खोक्यांत तीस हजार सुटले! आपण तर बारा हजार चारशे करतो. दारावरच्या रेघा मोजल्यात मी."

दर शंभर खोक्यांमागे वहिनी दारावर खडूची एक रेघ ओढायची. आज महिन्याचा शेवटचा दिवस, आणि रेघा होत्या एकशे चोवीस. तिने निरखून पाहिलं. वरच्या निम्म्या फिकट पडल्या होत्या.

"भाऊजी, दर एक तारखेला दार कोण पुसतं?"

"तुम्हीच की."

"आणि या एक तारखेला मी कुठे होते?"

"तापानं अंथरुणात..." दिराने पुन्हा दाराकडे पाहिलं.

"म्हणजे या रेघा दोन महिन्यांच्या. महिन्याची खोकी सहा हजार दोनशे. हातानं खर्च एकतीस हजार, यंत्रावर बेचाळीस हजार चारशे. यंत्र बघायला तिकीट लावलं तरी ही खोट भरायची नाही."

"ताई, सवलत आजच्यापुरतीच आहे हं," यंत्रवाल्याने घाईने पेन पुढे केलं.

"मग इथे वेळ घालवू नका, दुसरं दार गाठा. एका महिन्यात शंभर रेघा झाल्या की मीच बोलावीन. तेव्हाही घासाघीस करणारच आहे."

तो गेल्यावर तिने ओलं फडकं घेऊन दार स्वच्छ पुसलं. शंभरावी रेघ जिथे आली होती, तिथे हातोडीने एक खिळा ठोकला.

"महिन्याला अडतीसशे खोकी कमी पडतायत, भाऊजी. चष्मेवाले, घड्याळवाले, खेळणीवाले, सगळ्यांकडे जा."

"आत्ता?"

"गाडी नाहीतरी रिकामीच उभी आहे. आणि तुम्हीसुद्धा."

दिराने हसत किल्ली उचलली. वहिनीने पुन्हा खळीत बोटं बुडवली.