अकरा अडतीसचा फोन

तेरावं झालं, भादरलेल्या डोक्यावर टोपी चढवली आन् दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. लोक म्हणाले, एवढ्यात? मग घरी बसून काय करू? रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती. गावी, हट्ट्याच्या घरात, पाव्हण्यांचं तेच ते ऐकून कान किटले होते.

मी बालाजी. वसमतच्या एका खाजगी दवाखान्यात सर्व्हर सांभाळतो. आई गेली ती ह्याच दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावरच्या आयसीयूत. मी तेव्हा खाली तळमजल्यावर, सर्व्हरच्या खोलीत होतो. ती गेली तेव्हा मी जवळ नव्हतो. हे ज्याला त्याला सांगून झालंय, आता सांगताना काही वाटत न्हाई.

आई गेली त्या दिवशीचं काम तसं किरकोळ होतं. एक्स-रे आन् स्कॅनचे फोटो ठेवायला नवीन स्टोरेज आलं होतं. पेटीतून काढून वायर खुपसली म्हणजे भागत न्हाई. आमच्याकडं एका मोठ्या मशीनवर सात-आठ आभासी सर्व्हर चालतात, आन् त्या सगळ्यांवर एक मॅनेजमेंट सर्व्हर, मुकादमासारखा. नव्या स्टोरेजची त्याच्याकडं नोंदणी करावी लागते. नाव, पत्ता, पासवर्ड द्यायचा. स्टोरेज आपलं प्रमाणपत्र दाखवतं, मुकादम ते तपासतो, पटलं तर घेतो. पाच मिनिटांचं काम. ते हजार वेळा केलंय मी.

त्या दिवशी मुकादम घेईना. आमचे व्यवस्थापक विश्वंभरराव सकाळपासून डोकं खाऊन राहिले होते, दुपारपर्यंत स्टोरेज चालू पाहिजे म्हणून. तेवढ्यात इंटरकॉम वाजला. आयसीयूच्या कहकशा सिस्टर होत्या.

"बालाजीभाऊ, जरा वर या. आईला तकलीफ होऊन राहिली."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. अकरा अडतीस.

"आलोच दोन मिनिटांत," म्हणलं.

आधी दोनदा असंच बोलावलं होतं. पळत गेलो तर ऑक्सिजनची नळी सरकलेली, बाकी काही न्हाई. म्हणून मी परत नोंदणीचं बटण दाबलं. परत नकार. परत दाबलं. शेवटी वैतागून उठलो, वहीत पासवर्ड लिहिला, पाणी प्यालो, खोलीला कुलूप लावलं. पाणीसुद्धा प्यालो मी. वर गेलो तर माझी बहीण मिना आईचा हात धरून बसलेली. ईसीजीच्या कागदावर सरळ रेघ होती आन् वेळ छापली होती, अकरा चाळीस.

"सिस्टरनी तुला फोन केला आन् आई गेलीच रे दादा," मिना म्हणाली.

अडतीसला फोन, चाळीसला आई गेली. दोन मिनिटं. तीन जिने चढून आयसीयूचा गाऊन घालायलाच तेवढं लागतं. पळालो असतो तरी पोचलो नसतो. सगळे तेच म्हणाले, डॉक्टरसुद्धा. चौदा दिवस मी त्या दोन मिनिटांवर उभा होतो. ती दोन मिनिटं नसती तर तेराव्याला माणसात बसलो नसतो.

तर कामावर गेलो, खोली उघडली, अर्धवट नोंदणी पुन्हा सुरू केली. पहिल्याच फटक्यात झाली. हिरवी खूण आली. मला रागच आला. त्या दिवशी काय धाड भरली होती मग? म्हणून जुना लॉग काढला. आपण केलेला प्रत्येक प्रयत्न त्यात वेळेसकट नोंदलेला असतो.

कारण एकच, ओळीनं नऊ वेळा: प्रमाणपत्र अजून लागू झालेलं न्हाई, ते ११:३७ पासून लागू होईल. पहिला प्रयत्न ११:२२ चा होता. शेवटचा ११:३६ चा.

मॅनेजमेंट सर्व्हर वेळ इंटरनेटवरून घेतो, तो चुकत न्हाई. स्टोरेजची वेळ मात्र त्या दिवशी मीच टाकली होती, भिंतीवरचं घड्याळ बघून, आन् त्यानं आपल्या प्रमाणपत्रावर तीच वेळ घातली होती. मोबाईल काढला, घड्याळाशी लावून बघितला. घड्याळ पंधरा मिनिटं पुढं होतं.

कहकशा सिस्टरना इंटरकॉम लावला. "सिस्टर, आपली घड्याळं पुढं हायत का?"

"व्हय की. पोळ्यापासून. स्टाफ वेळेवर यावा म्हणून विश्वंभररावांनी सगळ्या भिंतींवरची पंधरा मिनिटं पुढं करायला लावली. तुमाला न्हाई सांगितलं कुणी?"

न्हाई सांगितलं. मी खाली एकटा असतो, मला कोण काय सांगतंय.

ईसीजीचं मशीनही वेळ इंटरनेटवरून घेतं, ती बराबर होती. म्हणजे फोन आला तेव्हा खरे अकरा तेवीस झाले होते. आई गेली अकरा चाळीसला. सतरा मिनिटं ती होती. आन् मी खाली बटण दाबत होतो.

मिनाला फोन लावला. ती आखाडा बाळापूरला सासरी पोचली होती.

"मिने, आई दोन मिनिटांत न्हाई गेली."

मागं तिचं लेकरू कुरकुरत होतं.

"तुला ठावं होतं?"

"मी तिथंच बसले होते ना, दादा."

"मग काहून तसं म्हणलीस?"

"आईनंच सांगितलं होतं. दारात कुणी आलं की, 'आला का बाल्या' म्हणायची. चारदा इचारलं. मी सिस्टरला परत फोन लावायला सांगू लागले तर हात धरला माझा. म्हणली, राहू दे, कामात असंल. त्याला म्हण, फोन केला आन् लगीच गेली. न्हाईतर जल्मभर सोताला खात बसंल ते."

मिना पुढं काहीतरी बोलत होती, रडत होती. मला रडू आलं न्हाई. माझी आई सतरा मिनिटं माझी वाट बघत होती, आन् मी येत न्हाई हे कळल्यावर उरलेला श्वास तिनं मला सोडवण्यात घालवला.