चुकीचे स्फटिक

विबके लोरेंत्सेनने सहा वर्षं एकाच प्रथिनाच्या मागे घालवली होती. आपल्या पेशींमध्ये माल भरलेल्या इवल्याइवल्या पिशव्यांची सतत ने-आण चालते. त्या पिशव्या धरून मुक्कामी पोचवणारं हे प्रथिन. ग्योटिंगेनच्या त्या प्रयोगशाळेत सगळे त्याला 'हमाल'च म्हणायचे. त्याचे स्फटिक मिळाले, तर क्ष-किरणांखाली त्याची ठेवण अणूपर्यंत दिसणार होती. पण हमाल दाद देत नव्हता.

डेटलेफ क्युस्टर हार्त्सच्या डोंगरात राहायचा, घरांवर पाटीच्या दगडाची छपरं घालायचा. त्याची नऊ वर्षांची मुलगी येटे जन्मली तीच या प्रथिनातला दोष घेऊन. आधी तिचं चालणं गेलं, मग गिळणं. तिच्या रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत आला, तेव्हापासून क्युस्टर दर नाताळाआधी बायकोच्या हातचा श्टोलन, म्हणजे सुकामेव्याचा गोड पाव, घेऊन यायचा आणि दारातूनच विचारायचा, "काय बाई, आला का आमचा हमाल ताळ्यावर?"

ऑक्टोबरात एका थेंबात सुईसारखे, लखलखीत स्फटिक दिसले. विबके धावत खोलीबाहेर पडली. जिन्यातूनच तिने क्युस्टरला फोन लावला.

"मिळाले! स्फटिक मिळाले!"

पलीकडून ठोकाठोकीच्या आवाजातून तो ओरडला, "मी छपरावर आहे हो! पडेन ना मी!" आणि लहान मुलासारखा हसत सुटला.

तीन आठवड्यांनी ती गोठवलेले स्फटिक घेऊन हॅम्बुर्गला गेली. क्ष-किरणांच्या यंत्रावर थीस होता, तिचा जुना वर्गमित्र. पहिल्याच चित्रात ठिपके असे स्वच्छ उमटले की विबकेने त्याच्या पाठीत धपाटा घातला. थीस मात्र हसला नाही. आकडे जुळवत तो पडद्याकडे बघत राहिला.

"विबके, तू प्रथिन बॅक्टेरियात बनवलंस ना?"

"सगळेच बनवतात. का रे?"

"स्फटिकाच्या मापांचे हे आकडे आधीच नोंदलेले आहेत. अकरा जणांनी. हे बॅक्टेरियाचं स्वतःचं प्रथिन आहे. तुझ्याबरोबर चिकटून आलंय आणि स्फटिक त्याचेच झालेत."

"पुन्हा बघ."

त्याने पुन्हा पाहिलं. दुपारपर्यंत उरलेले सगळे स्फटिक लावून झाले. एकातही हमाल नव्हता.

तिचे प्रोफेसर म्हणाले, "त्या माणसाला इतक्यात काही सांगू नकोस. काम चालू आहे म्हण. खोटं नाही ते."

पण शनिवारी ती गाडी काढून क्युस्टरच्या घरी गेली. दारावर रंगीत खडूने स्फटिकाचं चित्र काढलेलं होतं. येटे खिडकीशी टेकून बसली होती, नाकात नळी. विबकेने स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. क्युस्टर ऐकत होता आणि टेबलावरचा चुरा बोटाने गोळा करत होता.

"मी तिला सांगून बसलो," तो म्हणाला. "की आता औषध होणार. तिने त्या दिवसापासून व्यायामाला कुरकुर केली नाही. दुखलं तरी. कळतंय तुम्हाला?"

"चूक माझी आहे. तपासायच्या आधी फोन करायला नको होता."

"निघा तुम्ही, बाई." त्याचा आवाज चढला नाही. "मी तिच्यासमोर ओरडायच्या आत निघा."

फेब्रुवारीत येटेला न्यूमोनिया झाला आणि ती गेली. विबकेला हे डॉक्टरांकडून कळलं. दफनाला जावं की नाही याचा तिने दोन दिवस विचार केला, आणि गेली नाही.

तिने बॅक्टेरिया सोडले, किड्यांच्या पेशींत प्रथिन बनवायला घेतलं. सव्वा वर्षाने खरे स्फटिक आले. या वेळी तिने कोणालाच फोन केला नाही. रचना पूर्ण झाली तेव्हा येटेच्या दोषाची जागा स्पष्ट दिसली. प्रथिनाच्या अगदी गाभ्यात, पिशवी पकडणाऱ्या सांध्यातच. तो सांधा मिटणारच नव्हता. आणि औषध अडकवायला आसपास कुठे खाच नव्हती.

क्युस्टर भेटायला तयार होईल असं तिला वाटलं नव्हतं, पण झाला. बांधकामाच्या ठिकाणी, विटांच्या ढिगावर बसून त्याने रचनेचा छापील कागद पाहिला.

"म्हणजे तेव्हा तुमचं बरोबर आलं असतं, तरी?"

"तरी काही करता आलं नसतं. निदान आज तरी आम्हाला ते येत नाही."

त्याने मान हलवली. "दीड वर्ष मी रोज तुम्हाला शिव्या देत होतो. सकाळी उठायला तेवढंच कारण होतं." कागद त्याने परत दिला. "तेही नेलंत तुम्ही."

विबकेने विचारलं, "लेख छापून येतोय. आभारात येटेचं नाव घालू का? तिच्याच रक्तावरून—"

"नको."

"नुसतं पहिलं नाव—"

"नको म्हटलं ना. तिचं नाव तिच्या दगडावर आहे. तेवढं पुरे."

तो शिडी चढायला लागला. विबके गाडीत जाऊन बसली.

लेख नोव्हेंबरात आला. आभारात संस्थेचं नाव होतं, पैसे देणाऱ्यांची नावं होती, थीसचं होतं.