रिकामा पाळणा हलवत न्हाईत

कुईंऽऽ कर्र! खोलीतली शांतता माझ्या कडीच्या आवाजाने मोडली. असे रिकामे मला आजवर कोणी हलवले नव्हते.

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी पाळणा आहे. नागसेन जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडी सळया काढणाऱ्या एका रोलिंग मिलमध्ये कामाला होता. लेकीच्या, पायलच्या वेळी त्याच्या बायकोचे, प्रीतीचे दिवस भरत आले, तेव्हा त्याने मालकाला विचारून वाकड्या निघालेल्या सळया घरी आणल्या आणि सुटीच्या दिवशी जोडून मला उभे केले. पायल माझ्यात वाढली. मग मी गल्लीचाच झालो. मिलमधल्या कामगारांच्या घरी बाळ आले, की मला बोलावणे यायचे. परत करताना माझ्यात मूठभर गहू, एखादे झबले, निदान गुळाचा खडा तरी ठेवायची रीत होती. केवढा मिरवलो मी!

पुढे सळईला गिऱ्हाईक उरले नाही. एकेक मिल बंद पडली. कामगारांचे टेम्पो थांबले, फाटकासमोरचा नंदाबाईचा चहाचा स्टोव्ह विझला. शेजारची कांताबाई बाळाला घेऊन वाटूरला माहेरी निघाली, तेव्हा तिने मला उंबऱ्यात आणून टेकवले. पहिल्यांदाच रिकामा.

"ठेवायला काहीच न्हाई वं," ती खाली बघत म्हणाली.

आता प्रीतीला पुन्हा दिवस गेले आहेत आणि डब्यात पीठ नाही. "मी घरी नसताना भंगारात देऊन टाक पाळणा," एवढे बोलून नागसेन सकाळीच काम शोधायला गेला. मग भंगारवाला राधेश्याम आला आणि पारखायला म्हणून त्याने मला झोका दिला.

"अवो भाऊ, रिकामा पाळणा हलवत न्हाईत! बाळाला वंगाळ असतं!" प्रीतीचा हात पोटावर गेला.

तो हसला. "वैनी, इथं अख्खी एमआयडीसी रिकामी झुलून राह्यली. भट्ट्याच बंद, मंग भंगार वितळवायचं कुठं? बिलकुल भाव न्हाई. द्यायचा तर जल्दी बोला."

प्रीतीने मान डोलावली. मी हातगाड्यावर मावेना, म्हणून त्याने हातोडा घालून माझे पाय दुमडले. तिच्या डोळ्यांदेखत.

मित्रांनो, तुमच्या घरी पाळणा असेल तर तो अडगळीत टाकू नका. शेजारी द्या. आणि कोणाचा परत करायचा असेल, तर त्यात काहीतरी ठेवा, दाणाभर का होईना.

गाडा हलला. पायलने आईच्या गाऊनचा कोपरा ओढला.

"मम्मी, पाळणा गेला. मंग बाळाला येऊ नको म्हणून सांगायचं का?"