झाकणावरची यादी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी हळव्या सुरात सांगतात म्हणे. मला ते जमणार नाही. माझी आजवरची कहाणी आठवली की मला आधी राग येतो, आणि हळवेपणा आलाच तर तो फार मागून, धापा टाकत येतो.

माझा जन्म एका लुथरन ख्रिस्ती मंडळीच्या आवारात झाला. उपासनागृहातले जुने बाक मोडले, तेव्हा मंडळीतल्या एका सुताराने त्यांच्या फळ्यांतून मला घडवले. म्हणजे माझ्या अंगावर माणसे बसणे हे माझ्या जन्माआधीपासूनच चालू आहे. सुतार हाताचा पक्का होता. त्याने मला पितळी बिजागऱ्या लावल्या, कडी बसवली आणि झाकणाच्या आतल्या बाजूला जाड कापडाचा एक खोल खिसा ठोकला. जहाजाचे कागद ठेवायला तो खिसा होता.

समुद्रापलीकडे डोंगरात आमच्या मंडळीचा एक मिशन दवाखाना होता. तो तिकडची मंडळी आणि आमची मंडळी मिळून चालवत. दरवर्षी मिशन रविवारी मला वेदीपुढे ठेवत, प्रार्थना करत, नंतर मागच्या सभागृहात लांब टेबलाशेजारी बसून मला भरत आणि जहाजावर चढवत. काय भरायचे ते विसरू नये म्हणून पहिल्या पाळकसाहेबांनी माझ्या झाकणाच्या आत, खिशाच्या वर, पांढऱ्या तैलरंगाने यादीच लिहून ठेवली: लोकरीचे स्वेटर, मफलर, पायमोजे, साबण, पट्ट्या, गीतपुस्तके. डोंगरात थंडी कडाक्याची असे, त्यामुळे यादी अगदी योग्य होती. तिकडची माणसे मला बघून धावत येत. त्या वर्षांबद्दल माझी काही तक्रार नाही.

मग दवाखाना डोंगरावरून खाली हलला. डोंगरातला रस्ता खचला, माणसे किनाऱ्याला जाऊन राहिली, दवाखानाही त्यांच्यामागे गेला. किनाऱ्यावर इतके उकडते की माझ्या फळ्यांतली राळ पाझरते. ही बातमी आमच्या मंडळीला रीतसर कळवली होती. सगळ्यांनी "अरेरे" म्हटले, प्रार्थना केली आणि पुन्हा स्वेटर विणायला घेतले. कारण झाकणावर तसे लिहिले होते! आणि पहिल्या पाळकसाहेबांच्या हस्ताक्षरापुढे जायची कोणाची टाप?

तिकडच्या लोकांनी त्या स्वेटरांचे काय केले असेल? दवाखान्यातल्या सगळ्या उशा भरल्या. उशा संपल्या तेव्हा गाद्या भरल्या. पण माणसे फार सभ्य. एके वर्षी त्यांच्या गायकवृंदाने भर दुपारी स्वेटर-मफलर घालून, घामाने निथळत, आमच्यासाठी एक फोटो काढून पाठवला. तो आमच्या सभागृहात भिंतीवर लागला. "बघा, चेहरे कसे चमकतायत!" असे म्हणून महिला मंडळाने त्या वर्षी दुप्पट लोकर आणली. मी कपाळाला हात लावला असता, पण मला दोन्ही नाहीत.

त्या दवाखान्यात नर्स म्हणून गेली होती ती आमच्याच मंडळीतल्या शिवणकाम करणाऱ्या बाईंची धाकटी बहीण. दोघी बहिणींना आईवडील नव्हते. थोरलीने मशीन चालवून धाकटीला शिकवले आणि तिला जहाजावर बसवून दिले, त्याला वीस वर्षे झाली. तिची खोली थोरलीने तशीच ठेवली होती. दर शनिवारी ती पलंगावरची चादर बदलायची. "तिला काय, तिकडेच गोड वाटतंय. परत यायचं नावसुद्धा काढत नाही," असे ती मला भरताना पुटपुटायची आणि स्वेटरची घडी जरा जास्तच जोरात दाबायची.

धाकटी वर्षाला एक मोठे पत्र मंडळीला लिहायची, मिशन रविवारी वाचून दाखवायला. मधली काही वर्षे आमच्याकडे कायमचे पाळक नव्हते, म्हणून पत्र चिटणिसांकडे येई. चिटणीस पेशाने घड्याळजी. उपासना एका तासात संपलीच पाहिजे, हा त्यांचा बाणा. ते पत्राचे पहिले पान सुरेख वाचत: दवाखान्यात किती बाळे जन्मली, कोणाचा बाप्तिस्मा झाला, सगळ्यांना सलाम. मग हातातल्या घड्याळाकडे बघत आणि म्हणत, "दुसऱ्या पानावर काय हवं-नको ते आहे. ते पेटी भरताना वाचू." आणि दुसरे पान जपून माझ्या खिशात सरकवत.

पेटी भरताना कोण वाचणार! समोर झाकणावर यादी रंगवलेली. सगळे तीच वाचत. पान खिशात खाली-खाली सरकत अस्तरामागे जाई. वरवरचे कागद बंदरावरचा कारकून काढून घेई, पण अस्तरामागे कोण हात घालतो? मित्रांनो, माझा जीव किती मेटाकुटीला आला असेल बघा. मी धाकटीचे पत्र समुद्रापार धाकटीच्याच दाराशी नेत होते आणि तसेच न वाचलेले परत आणत होते! अशी चार वर्षे गेली. माझ्या पोटात चार पाने झाली.

पाचव्या वर्षी पत्र एकाच पानाचे आले. घड्याळजी खूश झाले. "बाईंनी यंदा अगदी आटोपशीर लिहिलंय," असे ते व्यासपीठावरून म्हणाले. माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

त्याच वर्षी स्वेटर इतके झाले की झाकण लागेना. तेव्हा मंडळीतले बेकरीवाले काका पुढे सरसावले. भारदस्त माणूस.

"सरका सगळे. मी बसतो, तुम्ही कडी लावा."

ते बसले. कडी लागली नाही, पण कड्कन आवाज झाला आणि माझी एक बिजागरी तुटली. झाकण तिरके पडले, खिसा अस्तरासकट उसवला आणि चार पातळ निळी पाने जमिनीवर पसरली.

सगळे बेकरीवाल्या काकांना उठवायला धावले. थोरली मात्र खाली वाकली. अक्षर तिच्या ओळखीचे होते. तिने चष्मा लावला आणि खालीच बसून, तारखा लावून, एकेक पान वाचले.

पहिल्यात लिहिले होते: "कृपा करून स्वेटर पाठवू नका. आम्हाला वस्तू नकोत, एक खोली हवी आहे. इथल्या मंडळीने एक हुशार मुलगी निवडली आहे. तुमच्या शहरातल्या नर्सिंग शाळेत तिला प्रवेश मिळतो, फक्त दोन वर्षे राहायला घर हवे. ती शिकून आली की दवाखाना तिच्या हाती सोपवून मी घरी येईन. ताईची खोली आहे, पण माझ्यासाठी म्हणून तिला गळ घालायची नाही. मंडळीने विचारावे."

दुसऱ्यात तेच पुन्हा विचारले होते. तिसऱ्यात होते: "त्या मुलीला थांबता आले नाही. ती मासळीच्या कारखान्यात लागली. दुसरी एक तयार आहे."

चौथे पान लहान होते. "तुमचा नकार मी समजून घेते. पुन्हा विचारणार नाही. हे पान सभेत वाचू नका; मला घरी यायचे होते हे ताईला कळू देऊ नका. तिला वाईट वाटेल."

थोरली उठली.

"घड्याळजी, ही पानं कोणी ठेवली इथे?"

"मीच. म्हटलं, भरताना वाचू."

"मग वाचली का?"

"भरताना... भरताना गडबड असते हो, ताई."

"एकेका पानाला दोन मिनिटं लागली असती," थोरली म्हणाली. "तुमच्याच घड्याळात मोजा. चार वर्षं मी रिकामी खोली झाडत होते आणि तिला वाटलं, आपण नाही म्हटलं!"

घड्याळजींनी मान खाली घातली. मनाने वाईट माणूस नव्हे. त्याच दिवशी ते स्वतः तारघरात गेले आणि थोरलीने सांगितले तेवढेच पाठवून आले: खोली तयार आहे, मुलीला पाठव.

त्या वर्षी मी रिकामी गेले आणि परत येताना त्या दुसऱ्या मुलीचे कपडे घेऊन आले. मुलगी बंदरावर उतरली ती कुडकुडतच. किनाऱ्यावर वाढलेल्या तिला अशी थंडी आठवतही नव्हती. मग काय, महिला मंडळाने कपाटे उघडली. तिला एकावर एक तीन स्वेटर घातले. दवाखाना खाली हलल्यापासून पंधरा वर्षांनी एक स्वेटर योग्य अंगावर चढला आणि सगळ्या बायका अशा खूश झाल्या, जणू हे त्यांनी आधीच ठरवले होते!

मुलगी दोन वर्षे धाकटीच्या पलंगावर झोपली, शिकली, पास झाली आणि मला घेऊन परत गेली. आणि गेल्या महिन्यात मी पुन्हा आले. आत नर्सचे चार पांढरे पोशाख, एक गीतपुस्तक आणि स्वेटरने भरलेली एक उशी. सोबत धाकटी. तिचे केस पार पांढरे झाले आहेत.

थोरली दारातच उभी होती. तिला बोलायचे बरेच काही असणार, पण तोंडून निघाले ते असे: "किती गं उशीर केलास!"

"विचारलं होतं, ताई," धाकटी म्हणाली. "चार वेळा."

मग दोघी माझ्या झाकणावर बसून रडल्या. मी त्यांना बसू दिले.

सुताराच्या मुलाने माझी बिजागरी बदलली आहे. यादी रंधा मारून काढून टाकली, तिथे आता कोरी फळी आहे. खिसाही काढला. पत्र आले की ते व्यासपीठावरून पूर्ण वाचतात आणि घड्याळजी तोवर घड्याळ खिशात ठेवतात.

मित्रांनो, मदत करणाऱ्यांना मी नावे ठेवत नाही. पण कोणासाठी काही भरायला बसाल, तेव्हा माझ्यासारख्या पेटीकडे बघू नका. समोरच्याने काय मागितले आहे ते बघा, आणि पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. दुसरी मुलगी आज दवाखाना चालवते. पहिली अजून मासळीच्या कारखान्यात आहे. तिच्यासाठी जागा होती, पलंग होता, धुतलेली चादरसुद्धा होती.