ब्रेकचा झोत

वैष्णवे, तू मधी बोलू नको, नुसतं ऐक. काल भांडगावच्या माळावर आमच्या रायफल क्लबची निवड होती. पुण्याच्या स्पर्धेला एकच पोरगी जाणार व्हती.

आता मोठी रायफल उडवली की मागचा दस्ता असा खांद्यावर आदळतो! माझं वजन बेचाळीस किलो, खांदा निळाच पडायचा. मग भीतीच बसली, ट्रिगर दाबायच्या आधीच डोळं मिटायचं. तवा आमच्या कोचनी, बिरदेवमामांनी, नळीच्या तोंडाला मझल ब्रेक बसवून दिला. म्हंजी बोटभर लोखंड, दोन्ही बाजूला भोकं. गॅस तिथनं बाहेर जातो, धक्का निम्मा होतो. काय सांगू, डोळं आपोआप उघडं ऱ्हायला लागलं!

पण तो गॅस जाणार कुठं? शेजारणीच्या तोंडावर. आन् आवाज तर डबल.

शेजारी होती मांडवगणची सारिका. चटईवर पालथं पडून दहा गोळ्या, पंधरा मिनिटं. धूळ उडू नये म्हणून मी नळीखाली ओलं पोतं टाकलेलं, तरी माझी गोळी सुटली की ती दचकायची. कानाला आवाज अडवायचं मफ होतं, पण झोत गालावर बसायचा ना. मामा दुर्बिणीतनं बघून फळ्यावर गुण लिहायचे. तिच्या पहिल्या दोन मधोमध, आन् मी सुरू झाल्यावर सगळ्या कडंला. पण पोरगी गाल पुसून परत नेम धरायची. तक्रार कशाची करणार, नियमात ब्रेक चालतोच की.

सहा गोळ्या झाल्या, मी पुढं. आन् काय झालं कुणास ठाऊक, मी हात वर केला.

"मामा, मला कडंच्या रिकाम्या लेनला जायचंय."

"घड्याळ थांबणार न्हाई हां, धनश्री."

"न्हाई तर न्हाई."

रायफल मोकळी करा, मामांना दाखवा, चटई उचला, परत पसरा... तीन गोळ्या झाल्या आन् शिट्टी! दहावी नळीतच ऱ्हायली. सारिका चार गुणांनी पुढं.

ती पळतच आली. "येडी हायस का गं? मी तर हललेच नसते!" आन् मिठी मारली.

मी मामांना म्हणलं, "उद्या ब्रेक काढून एक गोळी मारू का?"

मामा हसले. "एक कशाला, पाच मार. खांद्याला टॉवेल लाव. दोन महिन्यांनी परत निवड हाय."

मला तर आत्ताच जावंसं वाटतंय! पण खरं सांग वैष्णवे, तू असतीस तर उठली असतीस का?